वीज सोडण्यापूर्वीं

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सायंकाळीं देवळाच्या प्रांगणांत केलेलें भाषण)



ह्या महोत्सवानिमित्त जी पुस्तिका निघत आहे तींत आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांची यादी द्यावी व घरच्या मिळवत्या माणसांच्या नांवांपुढें त्यांचा व्यवसाय लिहावा, असें समितीनें ठरविलें. काम सोपें वाटलें होतें. मासेमारी, सुतारकाम, नारळीपोफळीची वाडी, शिक्षकाचा पेशा, रुग्णालयांतील सेवा, जहाजावरील नोकरी, आखातांतील नोकरी, असे रकाने भरत गेले. परंतु एका घरीं चिटणिसांची लेखणी अडली. घरचा मुलगा इंजिनिअर आहे, हें सर्वांस ठाऊक. पण तो नेमकें करतो काय, हें कोणास सांगतां येईना. त्याच्या नेमणूकपत्रावर ‘हाय व्होल्टेज कमिशनिंग इंजिनिअर’ असे शब्द आहेत. चिटणीस म्हणाले, “ह्याचें मराठी सांगा.” आईनें क्षणभर विचार केला आणि ती म्हणाली, “मोठ्या विजेच्या ठिकाणीं पहिल्यांदा बटण दाबतात ना, तें माझा मुलगा दाबतो.”

चिटणीस हंसले, आम्हीही हंसलों. परंतु आज बोलण्याची आज्ञा झाली तेव्हां आमच्या मनांत तें बटणच आलें. पन्नास वर्षांचा इतिहास पुस्तिकेंत छापला आहे, तो पुन्हां वाचून दाखविण्यांत अर्थ नाहीं. शिवाय ह्या विषयाशीं आमची स्वतःची एक चूक निगडित आहे. ती आम्हीं ह्या प्रांगणांत उघडपणें अद्याप कधीं सांगितलेली नाहीं. ती आज सांगावयाची आहे.

विजेशीं आपल्या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. आजच्या रायगड जिल्ह्यास तेव्हां कुलाबा म्हणत. १९१५ सालीं खोपोली येथें टाटांचें जलविद्युत्-केंद्र सुरू झालें. लोणावळ्याच्या बाजूस तलाव बांधून त्यांचें पाणी लोखंडी नळांतून सुमारें सतराशें फूट खालीं आणलें, त्यावर चक्रें फिरविलीं, आणि निघालेली वीज लक्षभर व्होल्टांच्या दाबानें मुंबईच्या गिरण्यांकडे धाडली. ज्या जमशेटजींनीं ह्या कामाचें स्वप्न पाहिलें ते १९०४ सालींच निवर्तले होते. खोपोलीमागून १९२२ सालीं भिवपुरी आणि १९२७ सालीं भिरा. हीं तिन्ही केंद्रें आपल्याच जिल्ह्यांत आहेत. भिऱ्याच्या केंद्रासाठीं घाटावर मुळशीचें धरण झालें, त्यांत मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या, आणि १९२१ सालापासून तेथें सत्याग्रह झाला, ज्यांत सेनापति बापट तुरुंगांत गेले. हेंही त्याच विजेच्या हिशेबांत धरावें लागतें.

भिऱ्याच्या चक्रांवरून उतरलेलें पाणी कुंडलिका नदीस मिळतें, रोह्यावरून वाहत येतें आणि रेवदंड्यापाशीं समुद्रांत जातें. मुंबईचे दिवे लावून आलेलें पाणी आपल्या किनाऱ्यावरील होड्यांखालून वर्षानुवर्षें वाहत होतें, आणि त्या होड्यांतील माणसें घरीं जाऊन रॉकेलची चिमणी पेटवीत होतीं. आमच्या लहानपणीं कंदिलाची कांच राखेनें पुसण्याचें काम आमच्याकडे असे; ती फुटली म्हणजे मार ठरलेला.

विलंब किती व्हावा ह्याचें टोंकाचें उदाहरण पाहावयाचें असेल तर घारापुरीकडे पाहावें. जगांतील लोक तेथील लेणीं पाहावयास येतात. समोर मुंबईचा झगमगाट, आणि बेटावरील राजबंदर, मोराबंदर व शेतबंदर ह्या तीन वाड्यांत सायंकाळीं कांहीं तास चालणारा जनरेटर. समुद्राच्या तळाशीं सुमारें साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून तेथें कायमची वीज पोंचली ती फेब्रुवारी २०१८ मध्यें. केबल टाकण्याचें चित्र वर्तमानपत्रांत येतें, कळ दाबणाऱ्या मंत्र्यांचें चित्र येतें. केबल टाकून झाली आणि कळ दाबावयाची आहे, ह्या दोहोंमध्यें जे दिवस जातात, त्यांचें चित्र येत नाहीं. आम्हांसही ते दिवस असतात हें ठाऊक नव्हतें.

३ जून २०२० रोजीं दुपारीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलें. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर ते एकशेंवीस किलोमीटर होता. त्याचें वर्णन तुमच्यापुढें करण्याचें कारण नाहीं. तुमच्यापैकीं अनेकांच्या वाड्या त्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. रोगाची टाळेबंदी चालू, देवळाचीं दारें बंद, आणि त्यावर हें संकट. विजेचे खांब जिकडेतिकडे मोडून पडले होते. किनाऱ्यावरील कित्येक गांवें आठवडेच्या आठवडे अंधारांत राहिलीं. पंप बंद, म्हणून नळ बंद. आमच्या निवासाच्या आवारांतील विहिरीस पाणी होतें, परंतु उपसणार कसें? मंडपाचा धंदा करणाऱ्या एका सज्जनानें आपला पंधरा के. व्ही. ए.चा जनरेटर आणून दिला आणि त्याची वायर आमच्या घरच्या विजेच्या बोर्डास जोडली. जातांना तो म्हणाला, “फादर, मेन स्विच खालीं ठेवला आहे. तो वर करूं नका.” आम्हीं मान डोलाविली.

रोज चार वाजतां जनरेटर सुरू होई. लोक हंडे-कळश्या घेऊन अंतराअंतरानें उभे राहत. ओसरीवरील टेबलावर पन्नास-साठ मोबाइल चार्जिंगला लागत. मुंबईस असलेल्या मुलाचा आवाज ऐकून एक आजी तेथेंच रडल्या. सारा गांव आपल्या आवारांतून पाणी नेतो आहे, ह्याचा आम्हांस, खरें सांगावयाचें तर, थोडा अभिमानही वाटूं लागला होता.

आठव्या कीं नवव्या दिवशीं सकाळीं शेजारच्या गांवांत वीज आल्याची बातमी कोणीसें आणली. आम्हीं लगबगीनें जाऊन मेन स्विच वर केला. दिवा लागला नाहीं. खट्टू होऊन आम्ही परत फिरलों, आणि स्विच वरच राहिला.

त्याच दिवशीं दुपारीं, ज्याच्या व्यवसायापाशीं चिटणिसांची लेखणी पुढें अडली तो तरुण, आईस पाहावयास पनवेलहून मोटारसायकलवर आला. पावणेचारच्या सुमारास तो आवारांत शिरला. त्यानें जनरेटर पाहिला. त्याची वायर कोठें जाते तें नजरेनें शोधीत तो बोर्डापाशीं गेला. आणि एक शब्द न बोलतां त्यानें मेन स्विच खालीं केला, किटकॅट उपसला व शर्टाच्या खिशांत टाकला.

आम्ही रागावलों. “अरे, आल्या आल्या हें काय मांडलें आहेस? पंधरा मिनिटांत पाणी सोडावयाचें आहे. लोक उभे आहेत.”

तो म्हणाला, “फादर, वाडीच्या टोंकाला दोन माणसें खांबावर चढलीं आहेत. येतांना मीं पाहिलीं. त्यांना सांगून येतों, मग सुरू करा.” आणि तो निघाला, जवळजवळ धांवतच.

त्यानें काय टाळलें हें आम्हांस त्या सायंकाळीं ओसरीवर बसल्यावर समजलें. गांवाच्या बाहेर जें रोहित्र असतें, ज्यास आपण डीपी म्हणतों, तें अकरा हजार व्होल्टांची वीज घेतें आणि आपल्या घरांस सोसेल इतकी उतरवून देतें. परंतु तें यंत्र आंधळें आहे. खालच्या बाजूनें कोणी वीज घातली तर तें तितक्याच निष्ठेनें ती चढवूनही देतें. आमच्या जनरेटरची दोनशेंतीस व्होल्ट वीज उघड्या मेन स्विचमधून खांबावर, खांबावरून रोहित्रांत, आणि तेथून दहा हजारांहून अधिक व्होल्टांची होऊन त्या तारेवर गेली असती, जिच्यावर तीं दोन माणसें हात ठेवून बसलीं होतीं. एरवीं शेजारच्या घरांचा भार पडून जनरेटर गुदमरला असता व आपणहून बंद पडला असता. पण वादळानें शेजारच्या घरांच्या तारा तुटल्या होत्या. आमची तेवढी शाबूत राहिली होती, आणि तिच्या शाबूत राहण्याबद्दल आम्हीं देवाचे आभारही मानले होते. त्या माणसांनीं उपकेंद्राकडून येणारी वीज बंद करून घेतली होती आणि त्या बाजूस तार जमिनीस जोडली होती. तार मध्येंच तुटलेली असल्यामुळें आमच्या बाजूस ती जोडणी पोंचत नव्हती. आणि गांवाच्या बाजूनें, तेंही फादरांच्या घरांतून, मरण येईल असें त्यांच्या स्वप्नींही नव्हतें. ते दोघे बाहेरच्या जिल्ह्यांतून मदतीस आलेले होते. त्यांचीं नांवें आम्हीं विचारलीं नाहींत, हीही चूकच.

बंधुभगिनींनो, ह्यानंतर आम्हीं त्या तरुणास त्याच्या कामाविषयीं खोदखोदून विचारलें. पूर्वीं कधीं विचारलें नव्हतें.

त्यानें प्रथम आम्हांस दाब समजावून दिला. वीज दूर न्यावयाची तर दाब वाढवावा लागतो. दाब दुप्पट केला तर तितकीच शक्ति नेण्यास प्रवाह निम्मा पुरतो, आणि तारेंत उष्णतेच्या रूपानें वाया जाणारी वीज चौथाईवर येते. म्हणूनच चंद्रपूरहून ठाणें जिल्ह्यांतील पडघ्यापर्यंत साडेसातशें किलोमीटर वीज आणावयाची झाली तेव्हां ती पांच लक्ष व्होल्टांनीं आणली. ती वाहिनी १९९९ सालीं पुरी झाली. ह्या दाबाला तारेस स्पर्श होण्याचीही वाट पाहावी लागत नाहीं. माणूस पुरेसा जवळ आला म्हणजे मधल्या हवेंतूनच ती झेंप घेते.

आतां असें समजा कीं नवें उपकेंद्र बांधून झालें. रोहित्र बसलें, ब्रेकर बसले, केबली ओढल्या, रंग लागला. बांधणारे म्हणतात, सर्व तयार आहे. तेथून ह्याचें काम सुरू होतें, आणि तें काम म्हणजे त्यांचें म्हणणें न मानणें. आपल्याकडे सुतार नवी होडी पाण्यांत लोटण्यापूर्वीं प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवितो, तसें कांहींसें. परंतु होडी गळूं लागली तर उपसावयास वेळ मिळतो. येथें तो मिळत नाहीं.

केबलीच्या तांब्याभोंवतीं जें आवरण असतें तें शाबूत आहे कीं नाहीं हें पाहण्यास मेगर नांवाचें यंत्र असतें. पूर्वीं तें हातानें फिरवावें लागे, आतां पेटींत येतें. पांच हजार व्होल्ट लावून आवरणांतून किती वीज पाझरते तें तो मोजतो. एक मिनिटानें एक आंकडा, दहा मिनिटांनीं दुसरा. आवरण कोरडें असेल तर आंकडा चढत जातो, ओल शिरली असेल तर जागींच बसतो. रोहित्रांतील तेल काढून त्यांत अडीच मिलिमीटर अंतरावर दोन टोंकें ठेवून, तें किती दाबाला हार खातें तें पाहतात. जमिनींत पुरलेल्या अर्थिंगचा विरोध मोजतात. तीन तारांचा क्रम दोन्ही टोंकांस एकच आहे ना, हें ताडून पाहतात. एक अदलाबदल झाली तर गिरणीचीं चाकें उलटीं फिरतात, आणि दोन चालू वाहिन्या तशाच एकमेकींस जोडल्या तर स्फोट होतो. मग रिले. दोष होतांच ब्रेकरला ‘तोड’ म्हणून सांगणारी ती छोटी पेटी. तिला खोटा दोष दाखवून ती किती क्षणांत सांगते तें सेकंदाच्या सहस्रांशांत लिहून घेतात. असे कागद शंभर-दीडशें होतात, आणि प्रत्येकाखालीं त्याची सही.

एक गोष्ट ऐकून आम्ही चकित झालों. लांब केबलीची परीक्षा संपली, यंत्र काढून घेतलें, सारें बंद केलें, तरी ती केबल निर्जीव होत नाहीं. बाटलींत पाणी राहावें तशी तिच्यांत वीज राहते. दांड्यानें ती जमिनींत सोडून, दांडा तसाच लावून ठेवल्याशिवाय तिला हात लावणारा माणूस मरतो, आणि तोही परीक्षा यशस्वी झाल्यानंतर.

आपल्या किनाऱ्याविषयीं तो म्हणाला कीं येथें सर्वांत वाईट दिवस मुसळधार पावसाचा नव्हे. खाऱ्या वाऱ्यानें आठ महिने चिनी मातीच्या इन्सुलेटरांवर मिठाचा थर बसतो. जोराचा पाऊस तो धुऊन काढतो. परंतु पावसाळ्यापूर्वींची पहिली हलकी भुरभुर त्या मिठास नुसती ओलें करते, आणि ओल्या मिठावरून वीज चालत जाते. आपल्या आयाबायांस सुकत घातलेल्या मासळीवर ती भुरभुर नको असते. ह्यालाही ती नको असते.

सारे कागद पुरे झाले म्हणजे तो दिवस येतो. आवारांतून प्रत्येक माणूस बाहेर काढून मोजतात. किती आंत गेले होते, किती बाहेर आले. लावलेल्या अर्थिंगच्या साखळ्या मोजून उतरवितात, कारण एक राहिली तर तेथेंच आग. कुलुपें काढतात. मग तो नियंत्रणाच्या खोलींतून ब्रेकर लावतो. रोहित्र प्रथम एकदां जोरानें कण्हतें, मग त्याचा आवाज बसतो व एकसारखा गुंजारव सुरू होतो. आईचें बटण तें हेंच. त्यानंतर पुष्कळदां पुढील चोवीस तास त्यावर कसलाही भार न घालतां तो तें ऐकत बसतो. आम्हीं विचारलें, “ऐकतोस काय?” तो म्हणाला, “आवाज बदलत नाहीं ना, तें.”

आम्हीं आणखी एक विचारलें. “कधीं नाहीं म्हणावें लागलें आहे काय?” ह्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. एके ठिकाणीं, तें ठिकाण व ती कंपनी त्यानें सांगितली नाहीं व आम्हीं विचारली नाहीं, उद्घाटनाची तारीख ठरली होती. मंडप उभा होता, पत्रिका वांटल्या होत्या. आदल्या रात्रीं एका केबलीचा आंकडा चढेना. त्यानें पुन्हां मोजला, तोच. वरिष्ठांचे फोन आले. एक जण म्हणाला, “अरे, सही कर, एक दिवस चालली तरी पुरे.” दुसरा म्हणाला, “तुझ्या जागीं उद्यां दुसरा मिळेल.” त्यानें कागदावर ‘वीज सोडण्यास योग्य नाहीं’ असें लिहून सही केली. समारंभ झालाच. व्यासपीठावरील बटणास डिझेलवर चालणाऱ्या दिव्यांची माळ जोडली होती; ती लागली, टाळ्या पडल्या. मंडप उठल्यावर केबलीचा सांधा उकलला, तर आंत ओल होती. दुसरा सांधा करून तिसऱ्या दिवशीं वीज सोडली. त्याचे आभार कोणी मानले नाहींत. पुढच्या कामाच्या यादींत त्याचें नांव नव्हतें, आणि चार महिने तो घरीं बसून होता. तुमच्यापैकीं कांहींनीं त्या चार महिन्यांत त्याच्या आईस विचारलें होतें, “मुलाची नोकरी गेली काय हो?” आम्हींही विचारलें होतें.

ही हकीकत तिला तेव्हां ठाऊक नव्हती. तिला इतकेंच ठाऊक कीं मोठ्या कामाच्या आदल्या दिवशीं तो फोन करीत नाहीं. काम झाल्यावर करतो आणि म्हणतो, “आई, चार्ज झालें.” ते शब्द येईपर्यंत ती माउली जपमाळ घेऊन बसते. एकदां ते शब्द पहांटे तीन वाजतां आले. तोंवर तिनें दिवा मालविला नव्हता.

आतां यादीविषयीं. समितींत पुष्कळ चर्चा झाली. कोणी ‘विद्युत्-अभियंता’ सुचविलें, पण तें वीज बिलाच्या कचेरींत बसणाऱ्यासही म्हणतात. कोणी लांबलचक संस्कृत शब्द जुळविला, तो चिटणिसांना उच्चारतां येईना. आम्हीं ‘नव्या विजेची परीक्षा करणारा’ असें लिहावयास सांगितलें आहे. छापणाऱ्यानें जागा अपुरी म्हणून तें दोन ओळींत घेतलें आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

शेवटीं एक सूचना. आपल्या निवासांत आतां चेंजओव्हर स्विच बसविलेला आहे. त्यामुळें एका वेळीं जनरेटर तरी लागतो किंवा बाहेरची वीज तरी, दोन्ही एकत्र होऊंच शकत नाहींत. आमच्या विसराळूपणावर माणसांचे प्राण टांगून ठेवूं नयेत, म्हणून तो पहिला खर्च आम्हीं केला. वादळानंतर गांवांत पुष्कळ घरीं लहान जनरेटर आले आहेत, आणि कित्येकांच्या वायरी आमच्यासारख्याच जोडलेल्या असाव्यात अशी आम्हांस भीति आहे. तो तरुण महोत्सवासाठीं सुट्टीवर आला आहे, तेथें मागें उभा आहे, आणि ह्या भाषणानें बराच संकोचला आहे. उद्यां सकाळच्या मिस्सेनंतर तो आमच्या ओसरीवर बसेल. ज्यांच्या घरीं जनरेटर आहे त्यांनीं त्याच्याकडे आपलें नांव नोंदवावें. तो दुपारपर्यंत घरोघर येऊन जोडणी पाहून जाईल. तो कोणाच्या घरचा किटकॅट खिशांत घालून घेऊन गेला, तर त्याच्यावर रागावूं नये. आमचा त्यानें तिसऱ्या दिवशीं परत केला.